फेझच्या गल्लीतला गोग्रास

आई गेल्यावर बाबांना मी इंग्लंडमध्ये, मेडनहेडला आणलं, आणि तेव्हापासून देवाशी माझं फारसं पटेनासं झालं. बाबांची स्मरणशक्ती दिवसेंदिवस क्षीण होत चालली होती. मला ते कधी आत्या समजायचे, कधी शेजारीण. पण सकाळची संध्या आणि गाईसाठी बाजूला काढायचा पहिला घास मात्र कधी चुकला नाही. आता इथे गाय कुठून आणू? तो गोग्रास गार्डनमधल्या पाखरांना जायचा. एवढं सगळं लक्षात राहतं आणि स्वतःची मुलगी राहत नाही, हा कुठला न्याय, असं मनात यायचं.

तशातच रजा काढून मी त्यांना मोरोक्कोतल्या फेझला नेलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळणारी बाई मी, देवापेक्षा प्लॅनिंगवर भरवसा जास्त. जुन्या शहराची वॉकिंग टूर, हळू चालणारा वयस्कर गाइड, बाबांच्या जॅकेटमध्ये माझ्या नंबरची चिठ्ठी, सगळं चोख. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी शिरतच नाही, सामान खेचरांवरून जातं. गाइड एका मदरशाच्या दारावरची नक्षी दाखवत होता. मी फोटो काढून वळले, तर बाबा नाहीत. आणि उकडतंय म्हणून त्यांनी काढून दिलेलं जॅकेट माझ्याच हातावर.

मी दिसेल त्या गल्लीत धावले, हाका मारल्या. शेवटी गाइडनं मला एका पाणपोईशेजारच्या पायरीवर बसवलं. "मॅडम, इथून हलू नका. तुम्हीही हरवलात तर मी कोणाकोणाला शोधू?" एवढं बोलून तो गेला.

नुसतं बसणं मला कधी जमलेलंच नाही. मी ढसाढसा रडले. लहानपणी पाठ केलेलं एकही स्तोत्र आठवेना. एवढंच म्हणाले, "देवा, आता माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ." झालं काहीच नाही. फक्त छातीतली धडधड कमी झाली आणि मी घड्याळ बघायची थांबले.

काही वेळानं कातडी लादलेलं एक खेचर गल्लीत वळलं. त्याच्या मानेवर बाबांचा हात, आणि बाबांचा दुसरा हात खेचरवाल्याच्या हातात. गाइड परतल्यावर त्यानं खेचरवाल्याला विचारून मला सांगितलं. नाश्त्यातून राखलेला पावाचा तुकडा भरवायला बाबा त्या जनावरामागून गेले होते. त्यांची भाषा कुणाला कळेना. खेचरवाल्याला जायचं होतं उलट्या दिशेला, पण जनावर हट्टानं इकडेच वळलं. या पाणपोईवर ते रोज पाणी पितं, पण संध्याकाळी, काम संपल्यावर. आज भर दुपारीच का, ते त्यालाही सांगता येईना. मी हात जोडले. त्यानं छातीवर हात ठेवला आणि खेचराचं पाणी पिऊन होताच निघून गेला.

याला काय म्हणायचं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्या माणसाचे आणि त्याच्या जनावराचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही.

बाबांनी माझे डोळे पुसले. "अगं, होतीस कुठे? किती शोधलं तुला. रडू नकोस, मी आलोय ना." मी कोण, हे त्यांना आठवलं होतं का, मी विचारलं नाही. इतके महिने मीच त्यांना सांभाळतेय, अशी माझी समजूत होती. त्या दुपारी त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि मी धरू दिला.