तिघींतली दिलेली

रोह्याजवळच्या वरसे गावात अनसूयाबाईंच्या दारात भाजीवाला आला, की आधी हात जोडतो. बाई भेंडी मोडून बघणार, काटा उलटा करून बघणार, आणि एवढं करून 'नको बाबा, आज तू फारच गोड बोलतोयस' म्हणत त्याला वाटेला लावणार! जन्मभर शाळेत शिकवलं, पण विश्वास डॉक्टरवर नाही, सोनारावर तर नाहीच नाही. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. या बाई पाणीसुद्धा फुंकून पितील, असं शेजारी म्हणतात. ते काही खोटं नाही.

पण बाईंचा सगळ्यात जुना संशय स्वतःवरचाच होता. त्या दीड वर्षाच्या असताना रोह्याच्या एका मास्तरांनी त्यांना पेणकडून दत्तक आणलं. ही गोष्ट कुणी लपवली नाही, आणि मास्तर नवराबायकोंनी मायेत काही कमी केलं नाही. पण जन्माचं घर मिठागरावर राबणाऱ्यांचं होतं आणि त्या घरात तीन मुली होत्या, असं एकदा कोणीतरी बोलून गेलं. तो काटा रुतला तो रुतलाच. तिघींतली मीच का? काळी होते म्हणून? की पायगुण वाईट म्हणून? मास्तर असेपर्यंत विचारणं बरं दिसलं नसतं. ते गेले, त्यांची बायको गेली, बाईंचा नवराही गेला आणि सत्तरी उलटली. आता नाही विचारायचं तर कधी?

गावाचं नावही ठाऊक नव्हतं. म्हणून बाई पेणला गेल्या आणि कचेरीत जन्माची नोंद शोधायला सांगितली. घरात सुईणीच्या हातावर जन्मलेलं पोर, त्याची नोंद कसली सापडते! रांगेत मागं उभ्या असलेल्या एकानं मात्र खोदून खोदून विचारलं. "आजी, या वयात जन्माचा दाखला कशाला? जमिनीचं काय हाय काय?"

"तुमच्या जिभेला काही हाड?" बाई कडाडल्या. पण खाडीकाठच्या जमिनींना हल्ली सोन्याचा भाव आलाय. बातमी, अर्जावरच्या फोन नंबरासकट, बाईंच्या आधी त्यांच्या जन्मगावी पोचली.

आठवड्याभरात फोन वाजला. "मी कमळाकर. मास्तरांना दिलेली मुलगी तुम्हीच ना? माझा बापूस तुमच्या पाठचा भाऊ, मग तुम्ही माझी आत्या. आजी हाय अजून, नव्वदीपार."

आई जिवंत आहे! बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग लगेच मनात आलं, इतकी वर्षं कुणी विचारलं नाही आणि आताच बरा फोन आला? शिवाय पत्ता देत नाही, पेणच्या एसटी स्टँडवर या म्हणतो. नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

आणि मुरतच होतं. कमळाकर वाकून पाया पडला, चहा मागवला आणि तो निवायच्या आत पिशवीतून स्टँपपेपर काढला. हक्कसोडपत्र!

"रागावू नका, आत्या. दत्तक गेलेल्याला हक्क नसतो, ठाऊक हाय. पण मागनं भानगड नको. सही करा, लगेच आजीकडं नेतो."

"मी काय तुझी जमीन खायला आले रे मेल्या?"

"सगळे असंच बोलतात."

"आणि सही घेऊन कुठलीही म्हातारी पुढं बसवलीस तर? ती माझीच आई कशावरून?"

"आणि तुम्ही त्याच कशावरून?"

दोघंही सारखीच खट! चहावर साय धरली तरी कोणी हलेना. शेवटी कमळाकर मान खाली घालून म्हणाला, "आजी परवापासनं जेवत नाय, आत्या."

गॅसवाल्याची पावतीसुद्धा दोनदा वाचणाऱ्या अनसूयाबाईंनी चष्मा न लावताच सही ठोकली.

घरी कमळाकरची आजी, ठमाबाई, खाटेवर पडून होत्या, मुठीएवढा जीव. "आजी, मास्तरांना दिलेली आलीय," कमळाकर त्यांच्या कानात ओरडला. म्हातारीनं चाचपत हात पुढं केला. बाईंनी धीर धरायचा असं ठरवलं होतं, पण कुठला धीर न् काय! त्या एकदम म्हणाल्या, "दोघी होत्या ना आणखी? मग मलाच का दिलंस?"

म्हातारी बराच वेळ त्यांचं तोंड चाचपत राहिली.

"त्या दोघी कुनाकडं बी जायच्या," ती म्हणाली. "तू नाय. परका मानूस दिसला का माझा पदर सोडायची नायस. बापूस बोलला, एक तरी द्यायला लागंल, पोटं भरत नाय. मी बोलले, मग हिलाच देते. ही ऱ्हायची नाय. रडरड रडंल, जेवायची नाय, लोकं कंटाळतील नि आठ दिसांत परत आनून देतील."

तिनं बाईंचं मनगट धरलं. "मी वाट बघत व्हते. तू रडली नायस काय गो?"

दीड वर्षाच्या पोरीचं रडणं कुणाला आठवतं? पुराव्याशिवाय कधी काही न मानणाऱ्या अनसूयाबाईंनी म्हातारीचा हात गालाशी धरला.

"रडले गो आई," त्या म्हणाल्या. "खूप रडले."