क्लेटसचं नाव

आमच्या चर्चमध्ये रविवारी पांढऱ्या गणवेशातल्या बायका असत. गाण्याच्या भरात कुणाला घेरी आली की वारा घालायचा, पाणी पाजायचं, हे त्यांचं काम. वर्नेल टिलमन त्यांची मुख्य. एरवी ती आमच्या जॉर्जियातल्या गावी शाळेत स्वयंपाकाला होती.

सत्त्याऐंशी साली तिचा भाऊ क्लेटस अटलांटाहून परतला तो आजारीच. त्याच्यासारखा गळा आमच्या चर्चमध्ये दुसरा नव्हता. त्याचं पुरुषांवर प्रेम होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं आणि घराकडे कुणी फिरकत नव्हतं. मीही नाही.

सात महिने वर्नेलने त्याला न्हाऊमाखू घातलं, भरवलं. तो गेला. अंत्यविधीला पाद्रीबाबांनी कॅन्सर सांगितला. वर्नेल बाकावरून उठली.

"एड्स झाला होता त्याला," ती म्हणाली. "आणि शेवटपर्यंत तो येशूचीच गाणी म्हणत होता. दोन्ही खरं आहे."

आठवड्याने चर्चचे दोघे पंच गणवेश परत मागायला आले. तिने दिला नाही. पुढच्या रविवारी तोच घालून ती आपल्या जागी बसली. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

बारा वर्षांनी विद्यापीठातून इमानी कॉलिअर नावाची मुलगी आली. धर्म, आजारपण आणि शरीरसंबंध यांचा इतिहास तिच्या अभ्यासाचा विषय होता. तीन दिवस तिने वर्नेलचं बोलणं टेपवर घेतलं. निघताना म्हणाली, "मावशी, पुस्तकात तुमची दोघांची नावं बदलते हं. नियम आहे. तुम्हाला त्रास नको."

"पाद्रीबाबांनी त्याचा आजार बदलला," वर्नेल म्हणाली. "आता तू नाव बदलणार. मग माझ्या भावाचं राहिलं काय?"

इमानी म्हणाली, संशोधनाचे नियम बघणारी विद्यापीठाची कमिटी ऐकणार नाही. वर्नेलने त्या कमिटीला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, मग दुसरं, मग तिसरं. शेवटी परवानगी आली.

पुस्तक आल्यावर बुधवारच्या बायबल वाचनाला ती ते घेऊन उभी राहिली आणि क्लेटस टिलमन या खऱ्या नावानिशी त्याच्यावरची पानं मोठ्याने वाचत सुटली. दोघे-तिघे उठून गेले. नव्या पाद्रीबाबांनी उठून घड्याळाकडे पाहिलं.

"अजून चार पानं आहेत," वर्नेल म्हणाली. "बसा."

ते बसले.