बारदानातला सेंटर फॉरवर्ड

"पाठक, हे काय आहे?" मॅनेजरसाहेबांनी छत्री मिटत विचारलं.

"सॅम्पल, साहेब."

मैदानाच्या मधोमध दोन माणसं उभी होती. दोघांच्या डोक्यावर बारदानाच्या थैल्या होत्या. बारदान म्हणजे कापसाच्या गाठींना गुंडाळतात ते तागाचं जाडं कापड. डोळ्यांसाठी भोकं पाडली होती. कपाळावर, गाठींवर मारतात त्याच काळ्या शाईनं, एकाच्या १ आणि दुसऱ्याच्या २ असे आकडे होते. हातापायांना चिखल फासला होता.

"मी तुम्हाला निःपक्षपाती निवड करायला सांगितली होती."

"हीच ती."

साहेब थैल्यांकडे बघत राहिले. "यातला माझा भाचा कुठला?"

"ते कळू नये म्हणूनच हा खटाटोप आहे."

ही बासष्ट-त्रेसष्टच्या पावसाळ्यातली गोष्ट. यवतमाळात, लोहाऱ्याच्या रस्त्याला, आमची जिनिंग-प्रेसिंग होती. जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढतात. उरते ती रुई. प्रेसिंगमध्ये तिची दाबून गाठ बांधतात. मी तिथे ग्रेडर होतो. रुईचा झुपका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. तंतू सरळ झाले की काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून त्यांची लांबी बघायची. तिला आम्ही स्टेपल म्हणतो. आयुष्यभर हेच केलं. उरलेल्या वेळात पुस्तकं वाचली. फुटबॉलमधला ऑफसाइड मला तेव्हा कळत नव्हता, आजही कळत नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण, दोन नंबरची थैली घातलेला माणूस गेल्या महिन्यात वारला. मी तांड्यावर बसायला गेलो होतो. तिथे त्याच्या जावयानं चार लोकांना सांगितलं की आमच्या मामांनी डोळे बांधून पाच गोल मारले होते. दुःखाच्या घरात आकडे दुरुस्त करू नयेत. पण धरमसिंगला स्वतःला अशा गोष्टी खपत नसत, म्हणून घरी येऊन लिहायला घेतलं. माझा हात सावकाश चालतो. आणि मध्ये मध्ये थांबावं लागतं.

तर, आमच्या मालकांना, शेठजींना, फुटबॉलचं वेड होतं. अडचण अशी, की जिनिंगचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. फुटबॉलचा सीझन पावसाळ्यात. म्हणजे फुटबॉल खेळायची वेळ आली की खेळणारे बहुतेक मजूर आपापल्या गावी गेलेले असत. त्यावर शेठजींनी तोडगा काढला. टीममधल्या अकरा जणांना पावसाळ्यातही कामावर ठेवायचं. त्यांनी मशीनला तेलपाणी करायचं, पत्रे बदलायचे आणि संध्याकाळी खेळायचं. याला सगळे 'बारमाही' म्हणत. टीममधली जागा म्हणजे बारा महिन्यांची भाकरी.

दहा जागा भरल्या. अकरावी सेंटर फॉरवर्डची, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल मारणाऱ्याची. तिच्यावर दोघांचा दावा होता.

एक सुधाकर. ऑफिसात क्लार्क, मॅनेजरसाहेबांच्या बहिणीचा मुलगा. त्याची नोकरी पक्की होती, त्याला फक्त मान हवा होता. आदल्या वर्षी पुसदच्या टुर्नामेंटमध्ये त्यानं दोन गोल मारले होते. तेव्हापासून त्यानं नागपूरहून बूट आणले, केसांची ठेवण बदलली आणि धावणं सोडून दिलं.

दुसरा धरमसिंग. प्रेसवर गाठी दाबायचा. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, अनवाणी खेळणारा. बारमाही मिळालं नाही तर पावसाळाभर बायकोला घेऊन पांढरकवड्याच्या रस्त्यावर गिट्टी फोडायला जाणार होता. आदल्या वर्षी गेला होता, तेव्हा धाकटी मुलगी रस्त्याकडेच्या पालात आजारी पडली होती. त्याच्या डोक्यात तेच होतं. मला तो एकदा सरळच म्हणाला, "साहेब, बॉल मले आवडते. पण मले बारमाही पायजे. टीमले मैदान झाडनवाला पायजे असन तर मी झाडतो बी."

गेटबाहेर रहीमचाचांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक भट्टी आणि दोन बाकडी. तिथे रोज संध्याकाळी निवड समिती बसायची. तिला कोणी नेमलं नव्हतं. चाचा धरमसिंगच्या बाजूचे. आमचा काटेवाला नामदेव, म्हणजे गाड्यांचं वजन करणारा, सुधाकरच्या बाजूचा. बाकीचे जिकडे चहा गरम तिकडे.

"गेल्या साली पुसदले दोन गोल कोनं मारले? तुमच्या धरमसिंगनं?" नामदेव विचारायचा.

"मारले ना सुधाकरनं. कोन नाही म्हंते? पन तवापासून तो मैदानात असा उभा राह्यते, जसा फोटो काढून राह्यला."

"तो मोक्याच्या जागी उभा राह्यते, चाचा."

"हौ. सावलीत."

"अन् तुमचा गडी? सुटल्या बैलावानी धावते. प्रॅक्टिसले दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी गायब. फॉर्म असा येते काय?"

"त्याच्या पोरीले ताप होता बे!"

"मंग पुसदवाल्याइले सांगू का, थांबा, ताप उतरू द्या?"

"तुह्या सुधाकरले तर ताप बी नाही. मिजास हाय, मिजास. बॉल मांगं गेला तर म्हंते, आनून द्या."

हे वाद इतके वाढले की एकदा बाकडं मोडलं. मैदानावर तर आणखी वाईट. सुधाकरच्या पायाला चेंडू लागला की अर्धे लोक टाळ्या वाजवत आणि अर्धे शिट्या. चेंडू कुठे गेला ते कोणीच बघत नसे. मॅनेजरसाहेबांची पंचाईत झाली. भाच्याला घेतलं तर मजूर बोलणार, न घेतलं तर बहीण. त्यांनी ते लचांड माझ्या गळ्यात घातलं.

"साहेब, मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही. तुम्हाला कळत असतं तर तुम्हीही कोणाचे तरी असता."

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. व्यापाऱ्याच्या मालाचा नमुना कागदात बांधून येतो. त्यावर नाव नसतं, नंबर असतो. ग्रेडरनं आधी ग्रेड सांगायची, मग नाव फोडायचं. एकदा फोडलं की ग्रेड बदलत नाही, मग माल खुद्द शेठजींच्या जावयाचा का असेना. मला वाटलं, जे रुईला चालतं ते सेंटर फॉरवर्डला का चालू नये? पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असं वाटतं.

गाठी शिवणाऱ्या गुलाबनं दोन थैल्या शिवल्या. दोघांची उंची सारखी होती. सुधाकर गोरा, म्हणून चिखल. त्याचे बूट ओळखू आले असते, म्हणून दोघंही अनवाणी. गोदामामागे गुलाबनं त्यांना थैल्या घातल्या, आणि खेळताना निघू नयेत म्हणून गळ्याशी जर्सीला सुतळीनं शिवून टाकल्या. गाठीचं तोंड शिवतात तशाच. आवाजावरून ओळख पटू नये म्हणून मी एक नियम केला होता. जो तोंडातून शब्द काढेल तो बाद.

टीममधल्या बाकीच्यांच्या दोन बाजू केल्या, एकेकीत एक थैली, आणि खेळ सुरू झाला.

एक नंबर धावत सुटला. पुढे, मागे, कडेला. दोनदा आपटला, उठला, पुन्हा धावला. दोन नंबर गोलपासून थोड्या अंतरावर जाऊन उभा राहिला तो उभाच.

पाच मिनिटांत लोकांनी नावं फोडून टाकली.

"दोन नंबर सुधाकर हाय," नामदेव म्हणाला. "उभं राह्यनं पाहा. घाई नाही, गडबड नाही. खेळ पुरा वाचून राह्यला गडी."

"सुधाकरच हाय," चाचांनीही मान्य केलं. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "आळशी कुठला! पाय किरायानं आनले काय बे? अन् तो एक नंबर पाहा. याले म्हंतेत मेहनत! शाबास, बेटा धरमसिंग!"

"मेहनत? समोर खाली गोल होता अन् बॉल सरकीच्या ढिगात मारला! हा धरमसिंग गाठीच दाबू शकते, बाकी काही नाही."

मग ते घडलं. चेंडू चिखलातून घरंगळत आला आणि दोन नंबरच्या पावलाला टेकून थांबला. दोन नंबर क्षणभर हलला नाही. गोलकीपर बाबाराव नेहमीप्रमाणे गोलात उभा राहून आपल्या बचाववाल्यांच्या नावानं ओरडत होता. दोन नंबरनं मान किंचित तिरकी केली आणि एक लाथ घातली. चेंडू बाबारावच्या कानाजवळून आत गेला.

नामदेव छत्रीसकट नाचला. "पाह्यलं का? पाह्यलं का चाचा? एकच मारला, पन कसा मारला! अख्खा खेळ तो त्या एका बॉलसाठी उभा होता!"

"आंधळ्याच्या हाती बटेर! नुसतं नशीब," चाचा पुटपुटले.

शिट्टी झाली. मी पुढे झालो आणि ग्रेड सांगितली. दोन नंबर. कारणंही दिली. हालचालीत उधळपट्टी नाही. चित्त स्थिर. चांगल्या स्टेपलसारखा एकसारखा. लोकांनी माना डोलावल्या. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात दाबला, कारण नामदेवच्या ओरडण्यावरून त्यांचीही खात्री पटली होती की दोन नंबर त्यांचा भाचा आहे.

गुलाबनं सुतळी कापली. एक नंबरमधून सुधाकर निघाला. दातांपर्यंत चिखल, कोपर सोललेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी आधी कधी बघितलं नव्हतं.

दोन नंबरमधून धरमसिंग निघाला. तो डोळे चोळत होता.

सगळे मॅनेजरसाहेबांकडे बघू लागले. तेव्हा धरमसिंगच बोलला. बोललं नसतं तर काही बिघडलं नसतं, पण तो तसा नव्हता.

"साहेब, मले काई दिसूनच नाही राह्यलं होतं."

"म्हणजे?"

"गोलाकडं जाता जाता थैली पिरगळली ना. भोकं कानाकडं गेले. शिवली होती, तं हलवता बी येईना. अन् बोललो तं बाद. मंग उभा राह्यलो. बॉल पायाले लागला तवा बाबाराव जिकडं बोंबलून राह्यला होता, तिकडं मारून देल्ला."

मॅनेजरसाहेबांचा चेहरा उजळला. "झालं तर! ही निवड रद्द. ज्याला दिसत नव्हतं त्याला कसं घेणार?"

धरमसिंगनं खाली बघितलं. आता त्याला कळलं होतं की आपण आत्ताच काय बोलून बसलो. तो काही मागत नव्हता. हातातली थैली नीट घडी करत होता, जणू ती परत जमा करायची आहे.

"साहेब," मी म्हणालो, "नाव फोडल्यावर ग्रेड बदलत नाही."

"पाठक, हा कापूस नाही."

"पद्धत कापसाची आहे. तुम्ही मंजूर केलेली आहे."

एवढ्यानं काम भागलं नसतं. माझ्या आवाजात ते बळ कधीच नव्हतं. पण नामदेव गर्दीतून पुढे आला. अर्धा तास त्यानं दोन नंबरची आरती ओवाळली होती, तीही पन्नास माणसांसमोर. ती परत घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"दिसत नव्हतं तरी गोल मारला, साहेब!" तो गरजला. "दिसलं असतं तं काय केलं असतं? इचार करा!"

"अरे पण तू तर सुधाकरचा..."

"मी खेळाचा हाओ, साहेब. मानसाचा नाही."

"घ्या! घ्या धरमसिंगले!" मागून लोक ओरडले.

आता चाचांनी तरी आनंदून जायला हवं होतं. पण त्यांनी एक नंबरच्या मेहनतीला शाबासकी दिलेली होती. ते सुधाकरजवळ गेले आणि त्याच्या चिखलाच्या पाठीवर थाप मारली. "बेटा, तुह्यावर अन्याय झाला."

मॅनेजरसाहेबांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता. "ठीक आहे," ते म्हणाले. "पुसदला काय दिवे लावतो ते बघू."

पुसदला आम्ही पहिल्याच मॅचमध्ये हरलो. धरमसिंगला सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यानं समोरचे दोन गोल घालवले, तिसऱ्या वेळी गोलकीपरलाच लाथ मारली. परतताना ट्रकमध्ये नामदेव त्याची बाजू लढवत होता. मैदान खराब, चेंडू जड, पुसदवाले लबाड. चाचा म्हणत होते, सुधाकर असता तर. हे दोघं त्यानंतर पुष्कळ वर्षं भांडले, पण आपापल्या जुन्या बाजूला काही परत गेले नाहीत.

सुधाकर मला ऑफिसात एकदा हळूच म्हणाला, "पाठककाका, थैलीत मजा आली. कोण बघतंय याची फिकीर नव्हती." पुढच्या वर्षी तो थैलीशिवायही धावू लागला आणि टीममध्ये परत आला. धरमसिंग राखीव खेळाडू झाला. तोपर्यंत पत्र्यांच्या गळत्या त्यानंच काढल्या होत्या आणि प्रेसच्या पंपाचं काम त्याच्या हाताला बसलं होतं. त्याला पावसाळ्यात घरी पाठवायचा विषय कोणी काढला नाही. त्याची मुलगी नगरपालिकेच्या शाळेत गेली. गिट्टी फोडायला त्या घरातलं कोणी पुन्हा गेलं नाही.

तर जावईबापू, गोल एकच होता. पाच नाही. डोळे बांधलेले नव्हते, ते माझ्या पद्धतीमुळे झाकले गेले होते.

ग्रेडर म्हणून माझं मत विचाराल तर ती निवड चुकीची होती. कारणं चुकीची, पद्धत चुकीची, पुसदचा निकालही वाईट. उभ्या नोकरीत मी हजारो नमुने बरोबर ओळखले, त्यातला एकही आज मला आठवत नाही.