आठ बादल्या रेती

कौसाबाईला धातू शाळेनं शिकवले नाहीत, झाडूनं शिकवले. अंबरनाथ एमआयडीसीतल्या लेथच्या कारखान्यात सोळा वर्षं ती जमिनीवरचा कीस गोळा करायची. नारळाचा पडतो तसा धातूचा कीस. त्याची तीन पिंपं, तीन रंगांची. कशात काय टाकायचं ते तिला कधी विचारावं लागलं नाही.

लोखंड आळशी. ओलं राहिलं तर आठवड्यानं तांबूस होणार. अ‍ॅल्युमिनियम पाण्याला दाद देत नाही, पण सुटे भाग धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या टबात त्याचा कीस पडला की फसाफसा बुडबुडे सोडतो. आणि मॅग्नेशियम? "तो आमच्या सासऱ्यासारखा," ती म्हणायची. "ठिनगी पुरते. आन त्याच्यावर पानी वतलं का पान्यालाच खातो, आजून भडकतो."

म्हणून त्याच्यासाठी रेती. भिंतीला टांगलेल्या आठ लाल बादल्या, गळ्यापर्यंत कोरड्या रेतीनं भरलेल्या. रेतीत ओल राहिली तर तीही पाण्यासारखीच वागते. दर शनिवारी कौसाबाई रेती ताडपत्रीवर पसरायची, उन्हात खडखडीत करायची, बारीक चाळणीनं चाळून पुन्हा भरायची. अ‍ॅल्युमिनियमची उडालेली कणी मात्र चाळणीच्या भोकातून रेतीबरोबरच जायची. त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं.

धाकटा भाऊ बुधाजी त्याच कारखान्यात होता. तिनंच शेठच्या केबिनबाहेर तीन दिवस बसून त्याला चिकटवला होता. तो हमालाचा स्टोअरकीपर झाला, स्टोअरकीपरचा सुपरवायझर. जवळच्या जांभूळ गावात घर बांधायला काढलं. तिला चारचौघांत "कौसाबाई" म्हणायचा, एकटी असली की "बाय", थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

त्या सोमवारी दुपारी जितेशच्या लेथखालचा मॅग्नेशियमचा कीस पेटला. जितेश जुना कारागीर, घाबरला नाही. बादली उतरवली आणि रेती फेकली. आग बसायची सोडून फाडकन उडाली, जळती कणी त्याच्या तोंडावर. कौसाबाई पदरानं त्याचं तोंड झाकायला धावली, तेव्हा तिचाही उजवा हात भाजला. टचटचीत फोड आले.

"बाय, रेती वली व्हती," संध्याकाळी बुधाजी म्हणाला.

"शनवारी सुकवली मी. हातानं भरली."

"वरची दोन बोटं सुकी, खाली चिखल. मी सोता बगितला. आता तुजं वय झालं, व्हतं आसं." मग कागद पुढे केला. "दवाखान्याचा खर्च मिलंल. सही कर."

अक्षरं तिला सहीपुरतीच यायची. तिनं भाजलेल्या हातानं सही केली. चार दिवसांनी कामावरून काढल्याचं सांगून वॉचमननं गेटवर अडवलं, तेव्हा त्या कागदात काय होतं ते कळलं. ओली रेती मी निष्काळजीपणे भरली, हे मला मान्य.

तिनं मान्यच केलं होतं, मनातूनसुद्धा. रोज ती तो शनिवार पहिल्यापासून आठवायची. ऊन होतं का? खालची रेती वर केली होती का? जितेशचा एक डोळा जायच्या बेतात होता. तो उल्हासनगरला कॅम्प पाचात राहायचा, रिक्षानं वीस मिनिटं, पण तिची पावलं वळेनात.

महिन्यानं जांभूळच्या घराची वास्तुशांत झाली. पाहुणे जेवत होते आणि बुधाजीची बायको राजाबाई कौसाबाईपुढं रडगाणं गात होती. "तीन भिंती कशा आरशासारख्या. आन ही देव्हाऱ्याची बगा, हिला देवी आल्यात जशा."

खरंच, त्या एकाच भिंतीला फोड आले होते. मटाराएवढे, काही फुटलेले.

"मिस्त्री बोलतो शिमिट खराब. मग बाकीच्या भितीला दुसरा शिमिट व्हता का?"

कौसाबाईनं नखानं एक फोड उचकटला. खपली निघाली. आत एक कणी, चंदेरी, कडेनं करडी खाल्लेली. तिनं पुढचा उचकटला. तिथंही तीच. ओलं सिमेंट कॉस्टिकचंच भाऊबंद, हातांची कातडी सोलतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम सापडलं तर बुडबुडे सोडणारच, आणि गिलाव्यात बुडबुड्याला जायला वाट नसते.

"ही भित कवा झाली गं?"

"रईवारी. तुमच्या कंपनीत आग लागली नाय का? त्याच्या आदल्या दिशी."

कणीसकट एक मोठी खपली तिनं पदराच्या गाठीत बांधली आणि बुधाजीला मोरीमागं बोलावलं.

"माजी रेती तुज्या भितीत हाय."

तो आधी हसला. मग गाठीकडं बघून हसायचा थांबला. "नदीची रेती आली ती वली. वली रेती गिलाव्याला चालनीतनं पडते कुठं? मिस्त्री रईवारी येऊन बसला. तुजी तयार व्हती. वली तुज्या बादल्यांत टाकली, वर जरा सुकी पसरली. मंगलवारी बदलनार व्हतो, बाय. सोमवारीच आग लागंल ह्ये मना काय म्हाईत?"

"आन कागद?"

"तू बाईमानूस, तुजं काय जातं? माजी सुपरवायझरी जाते." मग हात जोडले. "आठ दिस दे. मी सोता शेठला सांगतो."

भाऊ होता. तिनं आठ दिवस दिले.

नवव्या दिवशी ती गेली तेव्हा देव्हाऱ्याची भिंत खरवडून पुन्हा गिलावा झाला होता. गुळगुळीत. राजाबाईनं हळदीकुंकू लावलं, हातात साडीची पिशवी दिली. बुधाजी ओटीवर बसून होता.

"कसली भित, कौसाबाई?" तो म्हणाला. घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी बाय म्हणाला नाही.

तिनं साडी ओटीवर ठेवली आणि निघाली. कॅम्प पाच गाठलं.

जितेशच्या बायकोनं, तेजलनं, दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. कौसाबाई चपला काढून दारातच बसली आणि सगळं सांगितलं, आठ दिवस थांबली होती तेही. जितेश डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून ऐकत होता.

"आठ दिवस मी इथं देवाला तुजं वाईट मागत व्हतो," तो म्हणाला.

"मागितलंस ते बरोबर केलंस."

तिनं गाठ सोडली. जितेशनं खपली घेतली, खिडकीशी नेली, चांगल्या डोळ्यानं कणी बघितली. न खाल्लेल्या बाजूला त्याच्या हत्याराच्या रेघा उमटल्या होत्या, एकसारख्या, दाट.

"ह्यो कीस माज्याच लेथचा."

"व्हय."

"शेठसमोर बोलशील? भावाचं नाव घेऊन?"

"घेन. कॉस्टिकचा टब बी मागीन. ही टाकते त्यात. कशी फसफसते ते बघू दे त्याला."

तेजल पुढं आली. "पन त्या कागदावर सही तुजी हाय ना, मौशी?"

"माजीच हाय. उद्या खरं लिवलेल्या दुसऱ्या कागदावर करायची. त्याच्या आधी तू मना तो वाचून दाखव."

तेजलनं पाणी आणलं नाही. पण जितेशच्या औषधांच्या डब्यातली कागदाची पुडी रिकामी केली आणि खपली तिच्यात ठेवायला पुढे धरली.