मुदतीआधी परत

डोळा लागायला लागला की मला आधी तो बुधवार दिसतो. अण्णांचा, माझ्या वडिलांचा, शेवटचा साधा दिवस. ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गवार मोडताहेत, मी विद्यापीठात निघायच्या गडबडीत डबा भरते आहे. चौतीस वर्षं त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव काउंटरवर काढलेला हा माणूस निवृत्तीनंतरही रोज एकच विचारतो.

"पोरं बरी आहेत का गं तुझी?"

"पोरं कसली अण्णा, एमएस्सीची घोडी झालीत."

"घोडी उभ्याउभ्या झोपतात. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

मी हसते, चपला घालते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठत नाहीत.

त्याला चार महिने झाले. आज दुपारी, वनस्पतिशास्त्र विभागातल्या माझ्या खोलीत, मी मुलांच्या प्रात्यक्षिकांच्या तपासलेल्या जर्नलांवर डोकं टेकते. बुधवार येतो आणि या वेळी संपत नाही. अण्णा गवारीचं ताट बाजूला सारून उठतात. ओटा लांब लांब होत जातो, त्याच्यामागे पुस्तकांचे रॅक उभे राहतात. अण्णा काउंटरवर बसलेले आहेत. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"तुम्ही गेलात ना अण्णा?"

"गेलो. म्हणून काउंटर बंद ठेवायचं का? दे, काय आणलंस."

माझ्या हातात एक जर्नल आहे. प्रांजल टेकाळेचं, दुसऱ्या वर्षाची मुलगी.

"बघा अण्णा. जमा करायला अजून तीन आठवडे आहेत आणि हिचं सगळं पूर्ण. वर्गात उंच धरून दाखवलं मी. म्हटलं, शिका जरा."

ते पानं उलटतात, बोटाला थुंकी लावून. "काम पूर्ण झाल्याच्या सर्टिफिकेटवर सहीपण केलीस."

"तीच म्हणाली, मॅडम, आजच कराल का."

"आजच का, विचारलंस?"

"नाही."

"बसते कुठं?"

"आधी पहिल्या बाकावर. दिवाळीनंतर मागे, दाराजवळ."

"आणि?"

"चित्रं काढायची पेनं मैत्रिणीला देऊन टाकली. मला वाटलं, नवीन घेतली असतील. सही झाल्यावर जर्नल माझ्याकडेच ठेवून जाताना हसली. बऱ्याच दिवसांनी हसली."

अण्णा जर्नल मिटतात. "म्हणजे तुला सगळं दिसलं होतं, शैले."

आम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात आहोत. दारं बंद, प्रत्येक दाराबाहेर चपलांचा एक जोड. अण्णा वाकून एकेक जोड बघत चालतात. एका दारापुढे चपला नाहीत. तिथे ते उभे राहतात आणि पुढे जात नाहीत.

"आमच्याकडे समुपदेशन कक्ष आहे," मी घाईनं सांगते. "नोटीस बोर्डावर नंबर लावलाय."

"बोर्ड कोण वाचतं? एकदम सगळी पुस्तकं परत करणाऱ्याला मी कधी लगेच सोडलं नाही. शिक्क्याची शाई वाळली म्हणायचं. बसवायचं, पाणी द्यायचं. मग सरळ विचारायचं, बाळा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का?"

"असं तोंडावर? आपणच मनात घातल्यासारखं नाही का होत?"

"आपण कुठं घालतो? असतंच ते तिथं. विचारलं की बोलता तरी येतं. आणि मग नंबर देऊन एकटं पाठवायचं नाही. सोबत जायचं."

व्हरांड्याच्या टोकाला पुन्हा काउंटर आहे. अलीकडे एक मुलगी सात पुस्तकं छातीशी धरून उभी आहे. तिच्या केसांना माझी क्लिप आहे. ती पुस्तकं ठेवते. अण्णा तिच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत.

"तुझं कार्ड कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे. पाच वाजेपर्यंत थांब. मग बरोबरच घरी जाऊ."

मी इथे शिकत असताना एकदा मला अगदी असंच म्हणाले होते. त्यानंतर दोन महिने, माझे तास संपेपर्यंत, ते सायकल धरून विभागाच्या दाराशी उभे राहायचे. "शैला, तुझे बॉडीगार्ड आले," म्हणून मैत्रिणी खिदळायच्या. मी चिडायचे.

"मला का नाही विचारलंत?" मी म्हणते. "सगळ्यांना विचारायचात."

अण्णा चष्मा काढतात. काडीवरचा दोरा पुन्हा घट्ट करतात.

"छाती झाली नाही गं. तू हो म्हणाली असतीस तर?"

मी तोंड उघडते आणि जागी होते.

पंखा फिरतो आहे. गालाखाली प्रांजलचं सर्टिफिकेटचं पान आहे. त्यावरच्या माझ्या सहीवर एक सरळ आडवी रेघ मारलेली आहे. शाई ओली आहे. पेन माझ्याच हातात, उघडं.

मी फोन लावते. सहाव्या रिंगला ती उचलते.

"प्रांजल, कुठे आहेस?"

"रूमवर, मॅडम. जर्नलमध्ये काही चुकलं का?"

"चुकलं. माझं चुकलं. सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. सगळ्या प्रॅक्टिकलला गेल्यात."

मी जिना उतरते आहे. वसतिगृह सात मिनिटांवर. वाटेत मी तिला विचारते, ज्या शब्दांत विचारायचं त्याच शब्दांत. पलीकडे कुठेतरी नळ वाहतो आहे. मग ती रडायला लागते, तोंडावर हात दाबल्यासारखी.

"दार उघडून व्हरांड्यात ये. फोन ठेवू नकोस. मी पोचतेच आहे, आपण दोघी मिळून डॉक्टरकडे जाऊ."

"मॅडम, तुम्हाला नाही कळणार हे."

बागेतला माळी माझ्याकडे बघतो आहे. मी थांबत नाही, आवाजही कमी करत नाही.

"हो, माझ्याही मनात होतं. बावीस वर्षांची होते मी. त्या दिवशी मी घरी परत जाणार नव्हते, प्रांजल. माझ्या वडिलांनी मला पाच वाजेपर्यंत बसवून ठेवलं. त्यांना हे मी कधी सांगितलं नाही. तुला सांगते आहे."