आईच्या पानातलं पीच

मो ह्येराननं प्रागच्या बाजारात हुंगून हुंगून दोन पीच निवडली, तेव्हा विकणाऱ्या बाईच्या कपाळावर आठ्या पडल्या. पडू देत! जिची आई पंचवीस वर्षं कोरियातल्या जोचिवॉन गावच्या बागेत पीच खोक्यांत भरत आली, तिला फळ कसं घ्यावं हे कुणी शिकवू नये. फळावरच्या लवेनं आईच्या मनगटांना कायम खाज असायची. घरी यायची ती डागाळलेली फळं. अख्खं, चांगलं पीच आईनं स्वतःसाठी कधी उचललं नाही.

"इतकं हुंगलंत ताई, मला वाटलं टोपलीच उचलताय," बोरा म्हणाली. बोरा तिच्याच विमानातली, नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेली. तोंडाची टकळी अखंड चालू.

"तू दगडांकडे बघून चाल. पाय मुरगळून घेतलास तर संध्याकाळी तुझ्या वाटची जेवणाची गाडी मला ढकलावी लागेल."

ह्येरान एकेचाळीस वर्षांची. त्यातली अठरा हवाईसुंदरी म्हणून विमानात गेली. आज तिथीनं आईचं पहिलं वर्षश्राद्ध. रजा मागितली होती, मिळाली नाही. वर पाळी लागली ती नेमकी प्रागची. नशीब खोडी काढायला बसलं की अशी काढतं.

कारण गेल्या वर्षी त्या दिवशीही ती इथेच होती. निघण्याआधी हॉस्पिटलात आई म्हणाली होती, "एक पीच खावंसं वाटतंय गं. डाग नसलेलं." ह्येरानचं लक्ष घड्याळाकडे. "परवा येतेच आहे ना, घेऊन येते," असं म्हणून ती पळाली. इथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं फोन खोलीत चार्जिंगला लावला आणि छान ऊन पडलंय म्हणून हिंडायला बाहेर पडली. पुलाखाली नदीकाठी उभं राहून आइस्क्रीम खाल्लं. खोलीवर परतली तेव्हा दादाचे चौदा फोन येऊन गेले होते. ते आइस्क्रीम अजून तिच्या घशाखाली उतरलेलं नाही.

आज ती त्याच जागी आली. स्वच्छ रुमाल अंथरला, त्यावर दोन्ही पीच ठेवली. पेल्यात खरं तर तांदळाची दारू ओतायची. पण चार वाजता विमानतळाकडे निघायचं, अंगाला वाससुद्धा यायला नको, म्हणून पाणी ओतलं.

"अगंबाई! ताई, श्राद्धाला पीच?" बोरा ओरडलीच. "माझ्या आजीनं पाठीत धपाटा घातला असता. पीच दिसलं की गेलेलं माणूस उंबऱ्यावरूनच मागे फिरतं."

"माहीत आहे मला."

एक वाजता दादाचा फोन आला. तिकडे संध्याकाळचे आठ. पडद्यावर मेज दिसलं: नाशपाती, सुकी मासळी, रश्श्याची वाटी. आईसाठी घराचं दार सताड उघडं ठेवलेलं.

"ह्येरान, ते काय मांडलंयस? पीच? अक्कल गहाण टाकलीस का? उचल आधी. आई यायची नाही!"

"तिनं इथे येऊच नये म्हणून ठेवलंय."

"काय बोलतेस?"

"तिथे तुझ्याकडे येऊ दे तिला. तू जवळ होतास. इथे आली तर बघेल ना, ती जात होती तेव्हा मी कुठे उभी राहून आइस्क्रीम खात होते!" ह्येरानला रडू आवरेना. वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं ते बोरासमोर, भर रस्त्यात बाहेर पडलं.

"वेडे, शेवटी ती दाराकडेच बघत होती," दादा म्हणाला. "ह्येरान कुठाय, विचारलं. मी म्हटलं, विमानात आहे. तर म्हणाली, कुणाला तरी जेवण वाढत असेल. होऊ दे तिचं काम, मी थांबते."

"हे आज सांगतोस मला?"

"सांगवलं नाही गं. थांबते म्हणाली, आणि तासाभरात गेली. ती अजून थांबली असेल, ह्येरान. काढ ते पीच."

ह्येराननं दोन्ही पीच उचलून बोराच्या हातात दिली. "लांब जा घेऊन. पार पुलापलीकडे. जा!"

बोरा पीच छातीशी धरून पळत सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत ह्येरान तशीच उभी होती. मग दगडांवर गुडघे टेकून तिनं दोनदा वाकून नमस्कार केला. येणारेजाणारे बघत राहिले. लवेनं तिच्या मनगटांना खाज सुटली होती.

"ये, आई," ती म्हणाली. "पीच या खेपेलाही नाही आणलं गं."