माज्या तोंडातला दोष

"एक मिनिट, थांबा," सर म्हणाले. "बाकीच्यांनी माईक बंद ठेवा आणि ह्यांचं बोलणं ऐका. काय काय चुकतंय ते लिहून काढा. उच्चारदोष ओळखायला ह्याहून चांगला नमुना मिळणार नाही."

नमुना म्हणजे मी.

स्पीच थेरपीच्या पदव्युत्तर पदवीची ऑनलाइन बैठक होती. पुढच्या सत्रात कुठले विषय घेणार, प्रॅक्टिकल कुठं आणि कुणावर करणार, ते प्रत्येकानं सांगायचं होतं. मी सगळं पाठ करून बसले होते. पण स्क्रीनवरचे ते सगळे चेहरे बघून जीभ घरच्या वळणावर गेली. मी म्हणाले, "सर, माज्याकडं लहान पोरं येतेत. मला त्येंचंच प्रॅक्टिकल घ्यायचं हाय."

सरांनी तेच वाक्य परत म्हणायला लावलं. मग आणखी एकदा, सावकाश. बाजूला चॅटमध्ये ओळी पडायला लागल्या. झ चा ज. आहे चं हाय. कुणीतरी हसरा चेहरा टाकला आणि लगेच काढला. एका चौकोनात माझंच तोंड मला दिसत होतं. वाचत होतं, गिळत होतं. कॅमेरा बंद करायचं धाडस झालं नाही.

"गाव कुठलं?" सरांनी विचारलं.

"जेऊर."

"आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा," सर म्हणाले. "मग येणारच ते."

सरांनी सल्ला दिला, सध्या नुसती थिअरी घ्या. आरशासमोर बसून आधी स्वतःचं तोंड सुधारा. मुलं तुमच्याकडून काय शिकतील? मी हो सर म्हणाले. व्हय बाहेर पडू नये म्हणून तो एवढासा 'हो'सुद्धा जपून म्हणाले.

ऑनलाइन शिकायची वेळ आली ती आईमुळं. आम्ही जेऊर सोडून सोलापुरात आलो तेव्हापासून ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. यंत्रमागांच्या आवाजानं तिचे कान गेले. आता ती समोरच्याचे ओठ बघून समजून घेते. तिचे कान जाताना मी बघितले, म्हणून ह्या शिक्षणात आले. पुण्याला राहून पुढं शिकायचं तर तिला एकटं टाकावं लागलं असतं. म्हणून दिवसा इथल्या एका थेरपी सेंटरमध्ये नोकरी आणि लेक्चर फोनवर. प्रॅक्टिकल आपल्याच गावात करता येतं, फक्त वर सही करणारा पात्र माणूस लागतो. माझ्यासाठी ती सही सेंटरच्या मॅडमची होती.

मी आरसा घेतला. भिंतीकडं तोंड करून बसायचे. आहे. नाही. पाणी. माझ्या. घसा दुखेपर्यंत. मग घरातही तसंच बोलायला लागले, सवय व्हावी म्हणून. आई माझ्या तोंडाकडं बघत राहायची. एकदा भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "असं का बोलायलीस गं? तुजं तोंडच कळंना झालंय मला."

तिला माझे जुने ओठ पाठ होते. हे नवे तिला वाचता येत नव्हते. सर मात्र पुढच्या बैठकीत म्हणाले, प्रगती आहे. लहान मुलांचं प्रॅक्टिकल माझ्या आराखड्यात आलं. आनंद झाला मला. आता त्या आनंदाची किळस येते.

पहिली केस आरोहीची. माढ्याजवळच्या खेड्यातली, पाचव्या वर्षात असलेली पोर. कान चांगले, समज चांगली, पण बोलणं उशिरा. आली तेव्हा चार-दोन शब्द होते तिच्याकडं. आय, दे, पानी, चिऊ. तिची आई एसटीनं घेऊन यायची. पहिल्याच भेटीत मॅडमनी बाईला बजावलं होतं, घरात शुद्ध बोला, आणि जमत नसेल तर पोरीसमोर कमी बोला.

मी खेळ घेत होते, चित्रं दाखवत होते. पोर वर यायच्याऐवजी खाली चालली. चिऊ गेलं. मग पानी गेलं. तहान लागली की बाटलीकडं हात करायची.

एक दिवस मी बाहेर डोकावले. बाकावर दोघी बसलेल्या. पोरीच्या हातात मोबाइल, त्यात कार्टून. आई भिंतीकडं बघत गप्प. मी जवळ बसून विचारलं, घरी काय काय बोलता हिच्याशी?

बाई खालच्या मानेनं म्हणाली, "न्हाय बोलत. माजं ऐकून बिगडंल की ती."

सासूलाही गप्प केलं होतं तिनं. घरातली सगळी माणसं त्या पोरीसमोर तोंड मिटून वावरत होती. बोलायला न शिकलेल्या लेकराच्या घरातलं बोलणंच आम्ही बंद पाडलं होतं.

मी मॅडमकडं गेले. जमेल तसं शुद्ध सांगितलं की पोरीला बोलणं कमी पडतंय, घरची बोली हा रोग नाही, तिच्या आईला बोलू द्या. मॅडम फाईलमधून वर न बघता म्हणाल्या, अहवालात कारण लिही. घरातील अशुद्ध भाषा. तुझ्या सरांनाही तेच पटेल.

मी पेन उचललं. घरातील, एवढं लिहिलं. पुढं हात चालेना. घरातील म्हणजे कुणाचं घर? माझंच की.

"मी हे लिव्हनार न्हाय," मी म्हणाले.

आरशासमोर घोटलेलं सगळं गळून पडलं होतं. मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"मग प्रॅक्टिकलवर माझी सही मिळणार नाही."

"नका करू."

बाहेर येऊन मी त्या बाईला सांगितलं. ताई, बोला हिच्याशी. जसं बोलता तसंच, लई बोला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मॅडमच्या दाराकडं. मला वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं वाटंल. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि आत गेली, मॅडमना विचारायला. तिचंही बरोबर होतं. मी कोण? तिच्यासारखीच बोलणारी एक बाई.

आरोही परत मला दिसली नाही. ती बोलती झाली का, ते मला माहीत नाही. हे न कळणं मला जाळतं.

नोकरी गेली. झालेलं प्रॅक्टिकल धरलं गेलं नाही. सरांनी कळवलं, पदवीचा हट्ट सोडा, एखादा छोटा सर्टिफिकेट कोर्स करा, तुमच्यासारख्यांना तो झेपेल. शहरातल्या बाकीच्या सेंटरांत फिरले. मी पोचायच्या आधी माझी गोष्ट पोचलेली असायची. एका ठिकाणी तर खुर्चीसुद्धा दिली नाही. आई म्हणाली, जा, पाय धर मॅडमचे. मी नाही म्हणाले तर दिवसभर माझ्या तोंडाकडं बघितलं नाही तिनं. तिनं बघितलं नाही की आमचं बोलणंच तुटतं. काही दुपारी वाटायचं, द्यावं लिहून, दोनच तर शब्द आहेत.

दिले नाहीत.

काल नव्या सत्राचा आराखडा भरायचा होता. मी तेच विषय घेतले. मुलांमधले भाषाविकार. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं. प्रॅक्टिकल लहान मुलांचंच. सही कोण करणार, ती जागा मोकळी ठेवली आणि पाठवून दिलं. सर ते परत पाठवतील. मी परत भरीन. सोलापुरात कुणी मिळालं नाही तर लातूरला विचारीन, विजापूरला विचारीन. ह्या सत्रात नाही झालं तर पुढच्या.

मला पदवी पाहिजे. भिंतीवर टांगायला नको. कुठल्या लेकराच्या तोंडात दोष आहे आणि कुठल्या नाही, हे सांगणारी सही पदवीशिवाय करता येत नाही. आजवर ती सही त्यांच्या हातात होती आणि तिच्याखाली आमची घरं गप्प झाली. ती सही मी मिळवणार. हाय तसं बोलून मिळवणार. आणि जिवात जीव हाय तोवर कुठल्या आईला गप बस म्हननार न्हाय.